श्वासातली शिट्टी

मित्रा, तुझा आवाज पहिल्यांदा फाटला तो अहमदपूरला. कॉलेजच्या गॅदरिंगला आपल्या बँडला बोलावलं होतं. मैदानावर मांडव, थंडीचे दिवस, समोर पोरं खुर्च्यांवर उभी. शेवटच्या गाण्यात तू जो वरचा सूर लावायचीस, ज्याच्यासाठी मी ड्रमवरचे हात क्षणभर थांबवायचो, तो तू लावलास आणि तो मधोमध चिरला. जुनं लुगडं फाडावं तसा. मला वाटलं, गेलं गाणं. पण पोरांनी 'मित्रा, मित्रा' असं तुझं नाव घेत जे डोक्यावर घेतलं तुला, तसं आपल्याला तोवर कुणी घेतलं नव्हतं. इरफान गिटार वाजवता वाजवता माझ्याकडं बघून हसला. तू मात्र मागं वळलीस. मी कायम ड्रमच्या मागं आणि तू माझ्या पुढं, त्यामुळं इतकी वर्षं स्टेजवर मी तुझी पाठच बघत आलो. त्या दिवशी चेहरा दिसला. तू हसत नव्हतीस. मीच मागून काहीतरी टोचल्यासारखं तू माझ्याकडं बघितलंस.

मग पुढं वळलीस आणि तसंच फाटक्या आवाजात गाणं संपवलंस.

नंतर सगळे म्हणायचे की आपला बँड खरा जन्मला तो अहमदपूरला. इरफान तर त्याच्या उदगिरी बोलीत म्हणायचा, "उस दिन इसके अंदर कुछ तो भी घुस्या." तो कौतुकानं म्हणायचा. मागच्या महिन्यात नांदेडला तुझ्या घराबाहेर चपला घालताना त्याला त्याचंच वाक्य आठवलं असावं. तो एकदम भिंतीला टेकला, एक चप्पल हातातच धरून.

तुला आठवतं का, आपली ओळख कशी झाली ते? तू नांदेडहून लातूरला आलेली, मी रेणापूरहून. दोघांनाही घरच्यांनी डॉक्टर व्हायला धाडलं होतं. क्लासच्या गल्लीतल्या मेसमध्ये मी वाढायची वाट बघत ताटावर बोटं आपटत होतो. तू पलीकडच्या टेबलावरून म्हणालीस, "दुसऱ्या ओळीला तू तालाच्या पुढं पळून राहिलास." मी कुठलं गाणं वाजवतोय ते नुसत्या ताटावरून तुला कळलं होतं. ते परदेशी बँडचं गाणं त्या मेसमध्ये आणखी कुणाला माहीत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तुझ्या मोबाईलमधल्या कार्डात तशी शेकडो गाणी होती. दुकानातून भरून आणलेली, नावं चुकीची, काही अर्धवट तुटलेली. जेवण झाल्यावर तू एक इयरफोन मला दिलास. शब्द आपल्याला निम्मेच कळायचे. तू म्हणालीस, "हे कशावर चिडलेत ते मला ठाऊक न्हाई. पण अप्पा बी असेच चिडतात गाताना."

अप्पा म्हणजे तुझे वडील. त्यांची भीमगीतांची गायन पार्टी. जयंतीच्या महिन्यात नांदेड जिल्ह्यातलं एक गाव सोडायचे नाहीत. तू परकर-पोलक्यात असल्यापासून त्यांच्या मागं कोरसमध्ये उभी. गोदावरीच्या काठावर नेऊन ते तुला सांगायचे, पलीकडं म्हसरं धुणाऱ्या माणसानं मान वर करून बघितली पाहिजे, एवढा आवाज काढ. तो आवाज घेऊन तू लातूरला आलीस आणि वहीत तोंड घालून बसलीस. परीक्षेत तू नापास झालीस, मी तुझ्याहून वाईट नापास झालो. मी त्याच क्लासमध्ये मास्तरांच्या व्हिडिओंची काटछाट करायच्या कामाला लागलो, आणि तू घरी सांगितलंस, आणखी एकदा बसते परीक्षेला. बसली होतीस ती इरफानच्या मामूच्या बंद पडलेल्या डाळमिलमध्ये, माइकसमोर.

त्या शेडच्या पत्र्याखाली आपण वाजवायला लागलो आणि बँडचं नावही 'पत्रा'च ठेवलं. तुरीचा भुसा अजून कोपऱ्याकोपऱ्यात होता. मी मोठ्या ड्रमचं पेडल पायानं मारलं की तो जमिनीवरून उठायचा आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात तरंगत राहायचा. तू त्यातच उभी राहून गायचीस. गाणी आपली, मराठीतली. टँकरच्या रांगेचं, मेसच्या आमटीचं, आणि सगळ्यात शेवटी कायम ते, सामान न घेताच होस्टेल सोडून गेलेल्या मुलीचं. ती कुठं गेली ते गाण्यात तू सांगायची नाहीस. लातूरच्या पोरापोरींना सांगायची गरजही नव्हती, निकालाच्या दिवसांत अशा रिकाम्या खोल्या त्यांनी बघितल्या होत्या. त्याच गाण्यात तो वरचा सूर होता.

अहमदपूरचा तो तुकडा कुणीतरी मोबाईलवर घेतला होता. तो फिरायला लागला आणि आपल्याला बोलावणी यायला लागली. उदगीर, परभणी, सोलापूर. सगळीकडं लोकांना तोच फाटलेला सूर हवा होता. आणि मित्रा, तो तुला मुद्दाम काढावा लागतच नव्हता. आधी तो फक्त वरच्या पट्टीत यायचा. मग मधल्या पट्टीत उतरला. मग तू बोलतानाही तो यायला लागला. तुझी आई फोनवर विचारायची, सर्दी झाली का गं? तू म्हणायचीस, भुसा जातो घशात. आम्हीही तेच म्हणायचो. इरफाननं पाण्याचा फवारा मारून अख्खी शेड धुवून काढली. तुझ्या आईनं ज्येष्ठमध पाठवलं, हळद पाठवली. तू वाफ घ्यायचीस, डोक्यावर टॉवेल घेऊन, आणि टॉवेलच्या आतून इरफानशी भांडायचीस की गाणं फार हळू चाललंय.

शेड धुतली, भुसा गेला, आवाज तसाच राहिला. उलट वाढला. ऐकणाऱ्यांना तो आवडत गेला. खोटं कशाला सांगू, मलाही आवडायचा. क्लासच्या गल्लीतल्या मुली तुझ्यासारखं घसा खरवडून गायला बघायच्या. एका कार्यक्रमाच्या फलकावर तुझ्या फोटोखाली 'मराठवाड्याचा जळता आवाज' असं छापलं होतं. तू त्या फलकासमोर उभी राहून म्हणालीस, "जळता. बरोबर हाय." आम्ही हसलो. तू पाणी प्यालीस. पाणी पिताना तू हनुवटी खाली दाबून एकेक घोट गिळायला लागली होतीस, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

ड्रम वाजवणाऱ्याला गाणाऱ्याचा श्वास कळावा लागतो. तू कुठं श्वास घेतेस त्यावर माझा हात बांधलेला होता. तर तू ओळी तोडायला लागलीस. जिथं कधी थांबली नव्हतीस तिथं थांबायला लागलीस. मी सांभाळून घ्यायचो, तुझ्या थांबण्याच्या जागी एखादा ठोका जास्त भरायचो, ऐकणाऱ्याला वाटायचं ती चालच तशी आहे. आणि मग पावसाळ्यात केव्हातरी मला ती शिट्टी ऐकू आली. तू आत श्वास घेतलास की बारीकशी, बंद खिडकीच्या फटीतून वारं यावं तशी. माझ्या समोरच्या स्पीकरमध्ये ती स्वच्छ ऐकू यायची. मी इरफानला विचारलं. तो म्हणाला, मशीनमध्ये काहीतरी बिघाड असेल. त्यानं वायर बदलली, माइक बदलला. तू श्वास घेतलास आणि नव्या माइकमधून तीच शिट्टी आली. इरफाननं माझ्याकडं बघितलं नाही. गिटारच्या खुंट्या पिळत बसला.

त्या दिवशी मी तुला म्हणालो, डॉक्टरला दाखव. तू म्हणालीस, दाखवलंय, जुना खोकला आहे. पुढच्या आठवड्यात परत म्हणालो. तू म्हणालीस, तू ड्रम हळू वाजव, मला ओरडावं लागतं म्हणून होतंय हे. आपलं ते जुनंच भांडण होतं, की मी तुझ्या आवाजावर वाजवतो. मी हळू वाजवायला लागलो. त्यानं शिट्टी आणखी ठळक झाली.

दिवाळीनंतर नांदेडला सभागृहात कार्यक्रम झाला. अप्पा पहिल्यांदाच तुझं हे गाणं ऐकायला आले. आजवर ते म्हणत आले होते की हे ओरडणं आहे, आणि तू म्हणायचीस की तुम्ही तरी दुसरं काय करता. पांढरा शर्ट घालून ते शेवटच्या रांगेत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर मला वाटलं, आता ते नाराज होऊन निघून जातील. ते मला बाजूला घेऊन गेले. चिडलेले नव्हते. मी अप्पांना असं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं.

"बालाजी, तिचा घसा बसलाय का तिनं बसवलाय?"

मी म्हणालो, "मला बी कळंना गेलंय, अप्पा."

"गाताना काय बी करू दे तिला. पण श्वास घेताना आत वाजून राहिलंय. ते कुणी मुद्दाम करत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तू आणि मी एसटीनं लातूरला निघालो. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली. समोरच्या फलाटावर पोरांनी बॅगा ठेवलेल्या, कंडक्टर ओरडत होता, आणि मी तुला अप्पांचं बोलणं सांगितलं. वाटलं होतं उडवून लावशील. तू खिडकीबाहेर बघत शांतपणे सांगितलंस की तू लातूरच्या एका डॉक्टरकडं एकटीच जाऊन आली आहेस. त्यांनी दुर्बीण घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठ आहे, तुकडा काढून तपासा, आजच्या आज हैदराबादला जा, असं सांगितलं. ते ऐकून तू शेडवर आली होतीस आणि आपण टँकरचं गाणं वाजवलं होतं.

"कधी?"

"आखाडात."

आखाड ते दिवाळी. मी बोटांवर महिने मोजले.

"कामून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तू वाजवणं बंद केलं असतंस." मग तू पुण्याचं काढलंस. पुण्याच्या त्या मोठ्या मैदानी कार्यक्रमाचं बोलावणं आपल्याला आलं होतं. देशभरचे बँड येणार होते. तू म्हणालीस, पुणं झालं की जाते.

"पुणं कुठं पळून चाललंय?"

"पुणं न्हाई. आवाज चाललाय पळून. त्यांनी ह्या आवाजाला बोलावलंय, बाल्या. आधीचा माहा आवाज चांगला होता, तवा कुणी बोलावलं होतं का?" आणि मग तू जे म्हणालीस ते मी तेव्हापासून घेऊन फिरतोय. "लोकायला आवडला तो आवाज माहा हाय का त्या गाठीचा, हे मला तरी कुठं कळून राहिलंय?"

मी तिथंच, तुझ्यासमोर, अप्पांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. तू अडवलं नाहीस. अप्पा आणि आई दुसऱ्याच दिवशी आले. तुझी आई खोलीत रडत बसली, अप्पा हात जोडून उभे राहिले. मी ओरडलो, इरफान ओरडला. तू त्या सगळ्यांना पुरून उरलीस. म्हणालीस, तपासणीला जाते, पण काही निघालं तरी पुण्याआधी कापू देणार नाही. गेलीस. जे निघायचं ते निघालं. आणि तू पुण्याच्या गाडीत बसलीस.

पुण्याबद्दल मी अजून कुणाशी बोललेलो नाही. संध्याकाळचं ऊन होतं, समोर एवढी माणसं की शेवट दिसत नव्हता. निम्म्यांना मराठी कळत नसेल. मी गाणं सुरू करायच्या आधी तुझ्या पाठीकडं बघितलं. शर्ट खांद्यांवर ढिला झाला होता. मी ठरवलं होतं की वेग कमी ठेवायचा, तुला दम लागू द्यायचा नाही. पहिल्याच ओळीला तू हात मागं करून मला खुणावलंस, वेग वाढव. मी वाढवला. मित्रा, मी आयुष्यात ऐकलेलं ते सगळ्यात चांगलं गाणं आहे. आणि ते ऐकताना मला इतकी भीती वाटली की काठ्या घामानं हातातून निसटत होत्या. शेवटच्या गाण्यात त्या सुराची जागा आली. तू तोंड उघडलंस आणि सूर आलाच नाही. नुसतं वारं आलं. ती शिट्टी, एवढ्या मोठ्या स्पीकरांतून, त्या अख्ख्या मैदानावर. लोक गप्प झाले. मग त्यांना वाटलं की हे असंच आहे, हा गाण्याचाच भाग आहे, आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तू माइकच्या स्टँडला धरून उभी होतीस. तुझ्या फासळ्या शर्टातून वरखाली होताना मला दिसत होत्या. ते टाळ्या वाजवत होते आणि मी ड्रम सोडून तुझ्याकडं धावत होतो.

तिथूनच तुला हैदराबादला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की किरणं देऊन भागलं असतं असा काळ मागं पडला. आता अख्खं स्वरयंत्र काढावं लागेल. श्वास घ्यायला गळ्याला कायमचं भोक. बोलणं बंद. त्यांनी विचारलं, सिगारेट, तंबाखू? तू मानेनंच नाही म्हणालीस. त्यांनी पुन्हा विचारलं. तुला कधी कुणी सुपारी खातानाही बघितलं नव्हतं, पण भेटायला आलेल्या पाहुण्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. बाहेरच्या बाकावर तुझी एक नातेवाईक बाई दुसरीला सांगत होती, असली गाणी गातात त्या पोरी ओढतातच. अप्पा उठले, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, आणि परत येऊन बसले.

मला वाटलं होतं तू ऑपरेशनला नकार देशील. आपलं भांडण तेच होतं ना. अहमदपूरच्या एसटी स्टँडपासून आपण तेच भांडत होतो. मी म्हणायचो जगलीस तर बाकी सगळं बघता येईल, आणि तू म्हणायचीस की जगून करू काय ते आधी सांग. पण तू लगेच सही केलीस. इरफाननं विचारलं, काही रेकॉर्ड करून ठेवायचं का, आवाज आहे तोवर. तू नाही म्हणालीस. लोकांनी काय काय सुचवलं होतं, आईसाठी दोन शब्द, चाहत्यांसाठी एक ओळ. तू ते काही केलं नाहीस. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तुला आत नेताना अप्पा स्ट्रेचरसोबत चालत होते. दारापाशी तू त्यांना म्हणालीस, "अप्पा, तुमची चप्पल बाकाखाली राहिली." तुझ्या आवाजातलं शेवटचं वाक्य ते. अप्पा अनवाणी होते, त्यांनाही ते कळलं नव्हतं.

त्यानंतरची तू मला आधीच्यापेक्षा जास्त ओळखीची वाटतेस, हे तुला सांगायचं राहिलं. गळ्याला सुती रुमाल बांधून तू शेडवर आलीस तेव्हा मी आणि इरफान तुझ्यासाठी खुर्ची मांडायला लागलो. तू खुर्ची पायानं बाजूला सारलीस आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं बेस गिटार उचललंस. आपला बेसवाला तोवर नोकरीला लागून गेला होता. तुला दोन-तीन जागांपलीकडं काही येत नव्हतं. पण तू जिथं श्वास घ्यायचीस तिथंच सूर दाबायला लागलीस आणि मला पुन्हा तुझ्या पाठीमागं बसल्यासारखं वाटलं. फरक एवढाच की आता तू माझ्याकडं तोंड करून वाजवायचीस. मी चुकलो की बूट आपटायचीस. बोलता येत नव्हतं तरी भांडणात तूच जिंकायचीस, कारण तुझ्याकडं मोबाईल होता आणि तू टाइप करून पडदा माझ्या नाकासमोर धरायचीस, आणि मी वाचेपर्यंत हलवायची नाहीस.

ऋतुजाला तूच आणलंस. शिरूर अनंतपाळची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेली, तुझी गाणी तुझ्यासारखीच घसा खरवडून म्हणणारी. आम्हाला नवीन गाणारी नको होती. आम्ही तुला तसं सांगितलं. तू पडद्यावर लिहिलंस की मलाही नको आहे, पण गाणी शेडमध्ये कुजवायची का? पहिल्या दिवशी तिनं तुझा तो फाटका सूर हुबेहूब काढला. इरफान चकित झाला. तू बेस खाली ठेवलंस, तिच्याजवळ गेलीस, आणि तिच्या तोंडावर हात ठेवलास. घट्ट. पोरगी घाबरली. मग तू टाइप केलंस आणि तिला दाखवलंस, आणि तिनं ते आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं: "तो माहा आवाज न्हाई. तो आजार होता. तुझा काढ."

त्यानंतर महिनोन्महिने तू तिला शिकवलंस. बोलल्याशिवाय. तिच्या पोटावर मूठ ठेवून, हातानं पट्टी दाखवून. एकदा तर तिला नांदेडला नेऊन गोदावरीच्या काठावर अप्पांसमोर उभी केलीस. घसा जरा खरखरला की तू डबा, काठी, काय हाताला लागेल ते टेबलावर आपटायचीस. तिचा आवाज साधा, गोल, नितळ आहे. कार्यक्रमात लोक ओरडायचे, तो सूर फाडा, फाडा. ती तुझ्याकडं बघायची आणि तू मानेनं नको म्हणायचीस. आपली बोलावणी कमी झाली. तुला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, आता हे असंच चालेल. मी खरंच तसं धरून चाललो होतो.

उन्हाळ्यात रुमालाखाली गाठ आली. या वेळी तू लपवलं नाहीस, आम्हाला सगळ्यांना बोट लावून दाखवलीस. हैदराबादला पुन्हा नेलं, औषधं झाली, किरणं झाली. डॉक्टर आमच्याशी हळू आवाजात बोलायला लागले तेव्हा अप्पांनी तुला घरी आणलं. मी शेवटचा आलो तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस. मी पुण्याचा विषय काढला नव्हता. तूच काढलास. मोबाईल हातात धरवत नव्हता, आईनं धरला, तू एका बोटानं लिहिलंस. तू लिहिलंस, "तू मला जिवंत ठेवायचं बघत होतास, आणि मी बी तेच बघत होते." पुढं काहीतरी लिहायला घेतलंस आणि बोट थांबलं. मी विचारलं, काय? तू डोळे मिटलेस. ते अर्धं वाक्य तिथंच राहिलं. आईनं पडदा बंद केला.

तू गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. भन्तेजी आले, वंदना झाली. गायन पार्टीतली म्हातारी माणसं ओळीनं बसली होती. लातूरहून क्लासची कितीतरी पोरंपोरी आली होती, तुझ्या फोटोसमोर उभी राहून रडत होती. त्यातल्या कुणीतरी प्रेमानं स्पीकर आणला होता. श्रद्धांजली म्हणून त्यांनी अहमदपूरचा तो तुकडा लावला. तुझा आवाज घरात घुमला. वर चढला. चिरला. पोरांनी डोळे पुसले. अप्पा उठले, गर्दीतून वाट काढत स्पीकरपाशी गेले आणि भिंतीतली वायर ओढून काढली. ते वायर हातात घेऊनच परत येऊन बसले. नंतर मला म्हणाले, आजाराच्या आधीचं काही असेल तर दे. मी कार्डात भरून दिलं. शेडमधलं अगदी सुरुवातीचं, आपण सगळेच चुकत होतो तेव्हाचं. त्यांनी ते तेव्हा लावलं नाही. खिशात ठेवलं.

तू पुण्याआधी उपचाराला जायला हवं होतंस. हे मी अजूनही म्हणतो, तू नसलीस तरी. आणि पुण्यासारखं गाणं मी पुन्हा ऐकणार नाही, हेही म्हणतो. ही दोन्ही वाक्यं मी एकामागून एक स्वतःशी बोलतो आणि प्रत्येक वेळी दुसरं पहिल्याला खोटं पाडतं. तू असतीस तर बूट आपटला असतास.

गेल्या आठवड्यात आम्ही तुझ्यानंतर पहिल्यांदा वाजवायला जमलो. इरफान म्हणाला, शेवटचं गाणं नको. ऋतुजा म्हणाली, तेच घेऊ. ती चांगली गात होती. वरच्या सुराला आली आणि तिचा आवाज फाटला. अगदी जरासा. इरफानचा हात तारांवरच थिजला. मी उठून उभा राहिलो. ती म्हणाली, "सर्दी हाय, दादा. कालपासून." इरफाननं गाडी काढली. ती नको नको म्हणत होती, आम्ही तिला तशीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी दुर्बीण घातली, बघितलं, आणि आमचे चेहरे बघून तेच जरा चपापले. म्हणाले, काही नाही, घसा स्वच्छ आहे, सर्दी आहे, दोन दिवस गरम पाणी घ्या. मी म्हणालो, पुन्हा बघा. त्यांनी पुन्हा बघितलं. काही नव्हतं.

दोन दिवसांनी ती शेडवर आली. माइकसमोर उभी राहिली आणि माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "आता तो वरचा लावू का, दादा?"

मी म्हणालो, लाव. इरफाननं सुरू केलं. ती वर चढत गेली, नितळ, कुठं खरखर नाही, आणि मी काठ्या मांडीवर ठेवून तिच्या पाठीकडं बघत बसलो. मला ठोका द्यायचा होता तो मी दिलाच नाही. ती पुढचा श्वास घेईपर्यंत मी कान लावून थांबलो होतो.